तीन पेडल, बारा लाख आणि भूमकर चौक

भाच्याचा फोन आला तो थेट मुद्द्यावर. "मामा, रस्त्यावर येईपर्यंत बारा लाखांच्या आत. छोटी, पळणारी आणि मॅन्युअल. ऑटोमॅटिकचं नावही काढू नकोस."

तो राहतो कोथरूडला, ऑफिस हिंजवडीत, आईवडील चिपळूणला. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस भूमकर चौकातली कोंडी आणि महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट. या दोन्ही ठिकाणी जीव रमेल अशी गाडी शोधायला आम्ही तीन शनिवार खर्ची घातले. त्यातून जे हाती लागलं ते लिहून ठेवतोय, कारण हाच प्रश्न घेऊन फिरणारे बरेच जण दिसतात.

आधी अपेक्षा जमिनीवर आणू. परदेशात ज्याला हॉट हॅचबॅक म्हणतात, तसली छोटी पण तगड्या इंजिनाची गाडी या पैशात आपल्याकडे नाही. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय २०२५ मध्ये भारतात आली ती पन्नास लाखांच्या वर, आणि तीही फक्त ऑटोमॅटिक. नव्या जीटीआयमधून मॅन्युअल जगभरातूनच गेलंय. ह्युंदाईची खरी आय२० एन २०४ पीएसची (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप, साधारण हॉर्सपॉवर), ती इथे कधी विकलीच नाही. आपल्याला मिळते ती एन लाइन, १२० पीएसची. तेव्हा आपल्या गाड्यांना हॉट म्हणण्यापेक्षा कोमट म्हटलेलं बरं. पण खरं सांगू का, कात्रजच्या जुन्या घाटात १२० पीएस पुरून उरतात, आणि द्रुतगती मार्गावर १०० च्या मर्यादेला आता कॅमेरे टपून बसलेत. मजा असते ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीस ते ऐंशीच्या वेगात. गाड्या तिथेच तोलायच्या.

यादीत तीन नावं उरली. ह्युंदाई आय२० एन लाइन, टाटा अल्ट्रोझ रेसर आणि तिसरी, जिचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं तरी भाचा जिचं नाव सोडायला तयार नव्हता ती, फोक्सवॅगन पोलो टीएसआय. आमच्या चाकणमध्ये जन्मलेली गाडी, त्यामुळे पुण्यात तिच्याबद्दल कोणी वाईट बोललेलं खपत नाही.

कागदावर तिघी सख्ख्या बहिणी. तिघींना तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, तिघींना सहा गिअर. एन लाइनचं इंजिन ९९८ सीसीचं, १२० पीएस आणि १७२ एनएम (एनएम हे टॉर्कचं, म्हणजे ओढीच्या जोराचं माप). रेसरचं १.२ लिटरचं, नेक्सॉनमधून आलेलं, १२० पीएस आणि १७० एनएम. पोलोचं एक लिटरचं, ११० पीएस आणि १७५ एनएम. आकड्यांवरून निवड करायला बसलात तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतील. चालवायला बसलात की पाच मिनिटांत फरक कळतो.

पण चालवायला मिळणं हेच पहिलं दिव्य. एका शोरूममध्ये (कोणतं ते जाऊ द्या) आम्हाला सांगितलं, "सर, मॅन्युअल टेस्ट ड्राइव्हला नाहीये, ऑटोमॅटिक चालवून बघा, इंजिन सेमच आहे." भाचा हसला. मला राग आला. अहो, आम्ही गिअर लिव्हर बघायला आलोय, इंजिनाचं काय घेऊन बसलात! दुसऱ्या शाखेत फोन करून मॅन्युअल मागवली, त्यात एक शनिवार गेला. तुम्हीही हटून बसा. मॅन्युअल चालवल्याशिवाय टोकन देऊ नका.

भूमकर चौकापासून सुरुवात करतो, कारण निम्म्या लोकांचा मॅन्युअलचा हट्ट तिथेच संपतो. सकाळी पावणेनऊला वाकडच्या बाजूने येताना तुम्ही अर्धा तास पहिला गिअर, हाफ क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला, एवढंच करत असता. एन लाइनचा क्लच इथे सगळ्यात हलका. तो कुठे पकडतो हे पायाला दोन-तीन सिग्नलमध्ये कळतं आणि मग विसरायला होतं. टॉर्क १५०० आरपीएमपासूनच हाताशी असल्याने दुसऱ्या गिअरमध्ये रांगतानाही गाडी कुरकुरत नाही. रेसरही इथे वाईट नाही, पण तिच्या इंजिनाची थरथर सीटपर्यंत जास्त पोचते. तीन सिलिंडर आहेत हे ती लपवत नाही. पोलोची गंमत वेगळी. १८०० च्या खाली ती झोपलेली असते आणि टर्बो जागा झाला की एकदम धावत सुटते. मोकळ्या रस्त्यावर त्यात थरार वाटतो. पुढे रिक्षा आणि मागे पीएमपीची बस असताना तोच थरार डोक्याला ताप होतो, कारण सारखा पहिला गिअर टाकावा लागतो.

आता गिअर लिव्हर. इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा मी यावर जास्त वेळ घालवला आणि त्याचं मला काही वाटत नाही. जुन्या कात्रज घाटात बोगद्याकडे चढताना एक तीव्र वळण येतं. तिथे तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं असतं, आणि वरून एसटी उतरत असेल तर ते पटकन जमायला हवं. एन लाइनची लिव्हर आखूड फेकीची, म्हणजे गिअर बदलताना हात थोडाच हलवावा लागतो. तळवा लावायची गरज नाही, दोन बोटं आणि अंगठा पुरतो. दुसऱ्याच्या खाचेत ती 'टक्' करून बसते आणि तो टक् हाताला जाणवतो. रेसरची फेक लांब आणि जरा रबरी. गिअर चुकत नाही, पण खाचेत शिरला की नाही याची खात्री हाताला उशिरा पटते. पोलोची लिव्हर अजूनही उत्तम. वजनदार, नेमकी, जुन्या पद्धतीच्या चांगल्या कुलपात किल्ली फिरावी तशी.

मात्र त्याच वळणात पुढे मत बदललं. रेसर वळणात फार छान बसते. अल्ट्रोझचा सांगाडा पहिल्यापासूनच भक्कम, आणि खराब पॅच लागला तरी ती रेषा सोडत नाही. २०२४ मध्ये ती आली तेव्हा कोईमतूरजवळच्या ट्रॅकवर नारायण कार्तिकेयनने तिला एन लाइनपेक्षा साधारण दोन सेकंद लवकर फिरवून आणलं होतं. कंपनीने त्याची जाहिरात केली, करणारच. भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला चालवतो हे खरं, तरी घाटात रेसर चालवल्यावर त्या दोन सेकंदांवर विश्वास बसतो. एन लाइनचं सस्पेन्शन साध्या आय२० पेक्षा कडक केलेलं आहे. वळणात ती झुकत नाही, पण खड्ड्यात आपटल्यावर ते कळतं. तिची जमेची बाजू म्हणजे चारही चाकांना डिस्क ब्रेक. रेसरला मागे ड्रम आहेत. रोजच्या वापरात फार फरक पडत नाही. कुंभार्लीचा लांब उतार उतरताना मला डिस्कच बऱ्या वाटतील.

मागच्या सीटची परीक्षा ताईने, म्हणजे भाच्याच्या आईने घेतली. गुडघे दुखतात, त्यामुळे तिचं मत निर्णायक. अल्ट्रोझचे दरवाजे नव्वद अंशांत उघडतात आणि मागची जमीन जवळपास सपाट. ती सरळ आत जाऊन बसली. आय२० मध्ये जागा भरपूर, पण एन लाइनच्या काळ्या आतल्या रंगामुळे तिला कोंदट वाटलं. पोलोत ती बसली, उतरली आणि म्हणाली, "ही तुझ्या लग्नाआधीची गाडी आहे." विषय संपला.

सुरक्षेत टाटाचं पारडं जड. अल्ट्रोझला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेने पाच तारे दिले. आय२० ला २०२२ मध्ये तीन मिळाले, तेव्हा चाचणीच्या गाडीत दोनच एअरबॅग होत्या. आताच्या एन लाइनमध्ये सहा येतात, रेसरमध्येही सहा. पोलोत दोन. घरी लहान मूल असेल तर इथे थांबून विचार करा, गिअर लिव्हरचा टक् बाजूला ठेवून.

पोलोबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण जुन्या बाजारात फसगत तिच्यातच होते. पहिली गोष्ट, मागे 'जीटी' लिहिलेली टीएसआय म्हणजे ऑटोमॅटिक. २०१३ ची १.२ लिटरची जीटी टीएसआय फक्त डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये यायची. मॅन्युअल टीएसआय ही २०२० पासूनची एक लिटरची, आणि तिच्यावर जीटीचा बिल्ला नसतो. असलाच तर मालकाने हौसेने चिकटवलेला. बिल्ला चिकटवणाऱ्याने आणखी काय केलं असेल याची चौकशी करा. या इंजिनाला रीमॅप करून, म्हणजे त्याच्या संगणकात बदल करून ताकद वाढवून घेण्याची फॅशन होती. स्टेज वन, म्हणजे पहिल्या पायरीचं रीमॅप केलेली गाडी वाईटच असते असं नाही, पण क्लचने किती सोसलंय ते बघायला हवं. सोपी परीक्षा सांगतो. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमवर असताना पेडल पूर्ण दाबा. आरपीएम उडी मारून वर गेले आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. नमस्कार करून निघा. सुट्या भागांची चिंता लोक सांगतात तेवढी नाही, व्हर्टस आणि टायगुनमध्ये याच घराण्यातलं एक लिटरचं इंजिन आहे. पण भाव? चांगली पोलो विकणारा माणूस मुलगी देतोय अशा थाटात बोलतो.

जुनी एन लाइन बघत असाल तर त्यातही एक मेख आहे. २०२१ ते सप्टेंबर २०२३ पर्यंतच्या गाड्यांत आयएमटी होता. म्हणजे गिअर लिव्हर आहे, पण क्लचचं पेडलच नाही. फोटोत लिव्हर दिसते आणि माणूस भुलतो. पेडल मोजा. तीन हवीत.

पैशांचं थोडक्यात. एन लाइनचं मॅन्युअल २०२३ मध्ये ९.९९ लाखांपासून सुरू झालं, रेसर २०२४ मध्ये ९.४९ लाखांपासून, दोन्ही एक्स-शोरूम. सप्टेंबर २०२५ मध्ये चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी सेससकट २९ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यामुळे जुन्या व्हिडिओंतले भाव विसरा आणि ताजं कोटेशन घ्या. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आणि त्यापुढच्या किमतीच्या गाडीला १२, म्हणून वरचं मॉडेल जरासंही दहाच्या पुढे गेलं तर टॅक्स पूर्ण किमतीवर वाढतो. बोसच्या स्पीकरसाठी एन लाइनचं वरचं मॉडेल, एन८, घ्यायचा मोह होतो. भाच्याला मी म्हटलं, एक्झॉस्टचा आवाज ऐक, स्पीकर कशाला. रेसर पैशाला जास्त देते, वरच्या मॉडेलमध्ये थंड हवेच्या सीट आहेत, एप्रिलमध्ये त्याची किंमत कळते. फक्त मे २०२५ मध्ये साध्या अल्ट्रोझचा चेहरा बदलला आणि रेसर जुन्या चेहऱ्याचीच राहिली. त्यामुळे शोरूमवाला दाखवतोय ती गाडी कोणत्या महिन्यात बनलीय ते आधी विचारा आणि त्यावर सूट मागा. लाजू नका.

स्विफ्ट का नाही, हे कोणीतरी विचारेलच. नवी स्विफ्ट ८२ पीएसची, पण वजनाने इतकी हलकी की शहरात चालवताना मजा येते. घाटात चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन चढताना मात्र ती धापा टाकते.

माझं मत विचाराल, तर एकटे किंवा दोघे असाल आणि रोज चालवणारे तुम्हीच असाल, तर एन लाइनचं खालचं मॉडेल, एन६ मॅन्युअल. घरच्यांना घेऊन घाटातून वरचेवर जाणं असेल, रस्ते वाईट असतील, तर रेसर, आणि लिव्हरच्या रबराशी जुळवून घ्या. पोलो घ्यावी ती दुसरी गाडी म्हणून, ओळखीचा मेकॅनिक असेल तरच.

भाच्याने एन६ बुक केली. डिलिव्हरीच्या दिवशी ताई खास चिपळूणहून आली होती. हार घातला, नारळ फोडला, मग मागचं दार उघडून ती बसली, पाय लांब केले, खिडकी खालीवर केली.

"बरी आहे रे," ती म्हणाली. "पण त्या दुसरीचं दार जास्त उघडत होतं."