नाताळच्या आठवड्यात एकच पुस्तक वाचायचं झालं तर

भाचीचा फोन आला. 24 ते 1 सुट्टी आहे, राजारामपुरीत आमच्याकडेच येणार. वर हुकूम, “मामा, नाताळचं एकच पुस्तक काढून ठेव. मी दोन वाचत नसतो.” कोल्हापूरची पोरगी, ‘वाचत नसते’ कशाला म्हणेल! तेव्हापासून कपाट उपसतोय. तुमच्याकडेही आठवडाच असेल, तर माझी ही उलथापालथ उपयोगी पडेल.

खरी चुरस दोघांतच आहे. एक चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’, दुसरं क्लेअर कीगन या आयरिश लेखिकेचं ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’. दोन्ही शंभर-सव्वाशे पानांची. मध्ये पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ गेलाय.

‘कॅरल’ 19 डिसेंबर 1843 ला बाजारात आलं आणि सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. कवडीचुंबक स्क्रूज, सात वर्षांपूर्वी मेलेला त्याचा भागीदार मार्ली आणि मग एकामागून एक येणारी तीन भुतं. गोष्ट सगळ्यांना ऐकून माहीत असते, आणि गंमत म्हणजे त्याच कारणानं मूळ पुस्तक कोणी उघडत नाही. मी म्हणेन, भुतांसाठी नका वाचू, क्रॅचिटच्या घरच्या जेवणासाठी वाचा. बॉब क्रॅचिट हा स्क्रूजचा कारकून. घरी भट्टी नाही, म्हणून नाताळचा गूस बेकरीवाल्याकडे भाजायला दिलेला. (गूसला मराठीत हंस म्हटलं की सरस्वतीचं वाहन भट्टीत घातल्यासारखं वाटतं, म्हणून गूसच बरा.) बेकरीबाहेर उभ्या पोरांना वास येतो आणि तो आपल्याच गूसचा, हे ती ओळखतात! दिवाळीआधी मैदा, तूप, साखर घेऊन नानकटाई भाजून आणायला जो बेकरीच्या रांगेत उभा राहिलाय, त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. दहा घरांचे ट्रे आत गेलेले असतात, तरी आपला ट्रे बाहेर यायच्या आधी नाकाला कळतो.

पुढचं तर आणखी भारी. पुडिंग फडक्यात बांधून उकडलंय ते कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात. त्यामुळे झाकण निघालं की आधी धुण्याच्या दिवसाचा वास येतो, आणि त्यामागून खाणावळीचा नि मिठाईच्या दुकानाचा. पुडिंग एवढ्या माणसांना पुरायचं नाही, हे सगळ्यांना दिसतंय, पण कोणी बोलत नाही. बॉबचा पगार आठवड्याला 15 शिलिंग. आणि हे पुस्तक तेव्हा विकलं जायचं 5 शिलिंगला. म्हणजे ज्याच्या गरिबीवर ते लिहिलंय, त्याला विकत घ्यायला पगाराचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता.

भाग पाच. डिकन्स त्यांना ‘स्टेव्ह’ म्हणतो, गाण्याचं कडवं म्हणावं तसं. रोज रात्री एक भाग मोठ्यानं वाचला तर पाच दिवसांत घरातल्या सगळ्यांचं पुस्तक होतं. शाळकरी पोरं असतील तर दुसरा विचारच करू नका. फक्त संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. मी एकदा जुन्या पुस्तकांच्या ढिगातून स्वस्तात मिळाली म्हणून तसली उचलली होती. तीन भुतं शाबूत, पुडिंग गायब. नशिबानं मूळ इंग्रजी पुस्तक आता कॉपीराइटमधून मोकळं आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट मिळतं. इंग्रजी जुनं आहे, वाक्यं लांबलचक. पहिली दहा पानं नेट धरावा लागतो.

माझी तक्रार एकच. स्क्रूज एका रात्रीत सुधारतो, आणि सुधारायला त्याला फारसं काही पणाला लावावं लागत नाही. पैसा रग्गड आहे, तो वाटायचा. बस.

कीगनचं पुस्तक नेमकं इथे वेगळं पडतं. 2021 साली आलं, पुढच्या वर्षी बुकरच्या अंतिम यादीत होतं. गोष्ट 1985 च्या डिसेंबरातली, आयर्लंडमधल्या न्यू रॉस गावची. बिल फर्लाँगची कोळशा-लाकडाची वखार आहे. पाच मुली, बायको, थंडीत ऑर्डरींची धावपळ, हातातोंडाची गाठ जेमतेम. कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे नन्सच्या मठात, कोळसा टाकायला जातो, तर कोळशाच्या कोठडीत एक पोरगी कोंडलेली सापडते. मागे मॅग्डालेन लाँड्र्यांचा खरा इतिहास आहे: ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या मुलींना नन्सच्या ताब्यात ठेवून फुकट धुणी धुवून घ्यायची. यातली शेवटची लाँड्री 1996 मध्ये बंद झाली. आयरिश सरकारनं माफी मागितली ती 2013 मध्ये.

आता फर्लाँगनं करायचं काय? कॉन्व्हेंट त्याचं गिऱ्हाईक. मुलींची चांगली शाळा त्याच नन्सच्या हातात. गावात सगळ्यांना थोडंथोडं माहीत आहे आणि जो तो दुसरीकडे बघतोय. इथे भूत येत नाही, कोणी हात धरून भविष्य दाखवत नाही. डिकन्सच्या घरात धुण्याचा वास आला की पोरं टाळ्या पिटतात. इथे धुण्याच्या वाफेमागे कोण उभं आहे, ते बघायचं की नाही एवढाच प्रश्न. एका बैठकीत संपेल, पण बैठक रात्री दहानंतरची आणि एकट्याची असावी. मोठ्यानं वाचायचं हे पुस्तक नव्हे. भाषा सोपी. इंग्रजी कादंबरीला बिचकणाऱ्यानंही बिनधास्त हात घालावा.

घरात पाहुण्यांचा राबता असेल, तर या दोन्हींपैकी काही जमणार नाही. त्यासाठी अगाथा ख्रिस्ती. ‘हर्क्युल पॉयरोज ख्रिसमस’ (1938) 22 ते 28 डिसेंबर अशा सात भागांत विभागलेलं आहे, त्या त्या तारखेला तो तो भाग वाचता येतो. म्हातारा सिमिऑन ली सगळ्या पोरांना सणाला घरी बोलावतो आणि त्यांच्या कानावर जाईल अशा बेतानं मृत्युपत्र बदलायचं बोलतो. वाटणीवरून सख्ख्या भावांची तोंडं फिरलेली ज्यानं बघितलीत, त्याला खून होणार हे गुप्तहेर पॉयरोच्या आधी कळतं. नाताळ मात्र नावापुरता. रक्त भरपूर; मेव्हण्यानं तशी फर्माईशच केली होती, असं बाईंनी अर्पणपत्रिकेत लिहिलंय.

खून नको, पण कोडं हवं असेल तर शेरलॉक होम्सची ‘ब्लू कार्बंकल’ ही कथा, 1892 ची. नाताळनंतर दोन दिवसांनी घडते. चोरीचं रत्न गूसच्या गळ्यात सापडतं, आणि तो गूस आलेला असतो एका खानावळवाल्यानं चालवलेल्या गूस क्लबातून. दर आठवड्याला चार पैसे भरायचे, सणाला पक्षी घ्यायचा. आपली भिशीच की! तासाभराचं काम.

ओ. हेन्रीची ‘गिफ्ट ऑफ द मॅजाय’ तर पंधरा मिनिटांची. डेलाकडे एक डॉलर 87 सेंट, नवऱ्याला भेट घ्यायचीय. पुढचं बहुतेकांना माहीत असतं. ती यादीत धरत नाही, चहाबरोबर वाचून टाका.

मराठीतलंच हवं, असा कोणाचा हट्ट असेल तर तो मला आवडतो. कोल्हापूरला नाताळ नवा नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 मध्ये इथे आले, त्यांच्या नावाचं चर्च आजही शहरात आहे. त्याच्याही कितीतरी आधी, 1616 मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज माणसानं गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. जवळपास 11 हजार ओव्या, थेट आपल्या पुराणांच्या चालीवर. एका आठवड्यात होणारं काम नव्हे, भाषाही चारशे वर्षांपूर्वीची. येशूजन्माचा भाग आणि ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही मराठीची थोरवी, एवढं काढून वाचलं तरी सुट्टी सार्थकी लागली समजा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ त्याहून सोपी आणि कितीतरी हसवणारी, पण ते सणाचं पुस्तक नाही आणि आठवड्यात उरकायचंही नाही. ते मे महिन्यासाठी ठेवा. विकत घ्यायच्या आधी करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा. 1850 सालची संस्था आहे.

भाचीसाठी मी कीगन काढून ठेवलंय. फक्त त्यात एक मेख आहे. फर्लाँग लहान असताना एका नाताळला त्याच्या आईची मालकीण त्याला एक जुनं पुस्तक देते. लाल पुठ्ठ्याचं, चित्रं नसलेलं, कुबट वासाचं. ते पुस्तक म्हणजे ‘अ ख्रिसमस कॅरल’. तिथवर पोचली की पोरगी कपाटाकडे येणार, असा माझा अंदाज आहे. वरच्याच कप्प्यात ठेवलंय, हाताला येईल असं.