लिनक्स मिंट, कोर्टाजवळच्या टायपिंगच्या दुकानात: काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधी सांगतो, कारणमीमांसा नंतर. कोर्टाच्या शेजारी धंदा करून ही सवय लागली आहे. दुकानातले दोन कम्प्युटर दिवाळीनंतर लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर, गेले, ते आता विंडोजवर परत येणार नाहीत. तिसरा विंडोजवरच आहे आणि सध्या तिथेच राहील. ज्या जाचातून सुटायला हा खटाटोप केला, त्यातला विंडोजचा वाटा मात्र बराच कमी निघाला. खरी बेडी आमच्याच मराठी फॉन्टची होती.

दुकान नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, जिल्हा कोर्टापासून चालत जाण्याच्या अंतरावर. टायपिंग, झेरॉक्स, स्कॅनिंग. दिवसभर वकीलपत्रं, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार. लग्नसराईत पत्रिकांची डिझाइनं. दोन मशीन इंटेलच्या सहाव्या पिढीची, आठ जीबी रॅमची. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. म्हणजे काल संध्याकाळपर्यंत धडाधड पानं काढणारं मशीन आज कागदोपत्री म्हातारं. धंद्याच्या मशीनला वाढीव सुरक्षा अपडेट विकत मिळतात: पहिल्या वर्षी प्रत्येकी 61 डॉलर, मग दर वर्षी दुप्पट, आणि तेही तीनच वर्षं. हिशेब केला, आणि पुतण्याला म्हटलं, टाक बाबा तुझं ते लिनक्स.

वेगाबद्दल फार लिहीत नाही, सगळेच लिहितात. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली होती, त्यामुळे निम्मं श्रेय तिचं. मशीन सुरू झाल्यावर एक-सव्वा जीबी रॅम जाते आणि बाकीची कामाला उरते. अपडेट आलं की कोपऱ्यात खूण दिसते. दुपारी दोनला, दावा दाखल करायची घाई असताना, मशीन स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. मिंट 22 ही मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या 24.04 आवृत्तीवर उभी आहे आणि तिला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. इतकं पुरे. एक बारीक कटकट होती: झोपेतून उठलेल्या मशीनला जुनं वायफाय डोंगल ओळखताच येईना. दुसरं डोंगल आणलं, विषय संपला.

आता मराठीबद्दल, कारण या दुकानाचं पोट मराठीवर चालतं.

आमच्याकडे टायपिंग करणाऱ्या ताईंनी सरकारी टंकलेखनाची परीक्षा दिलेली, बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, बसलेली. इतकी वर्षं काम चाललं ते जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर. कृतिदेवसारखे हे फॉन्ट मुळात एक युक्ती आहेत. कम्प्युटरला देवनागरी कळत नव्हती त्या काळात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले. ताई 'नागपूर' टाइप करतात, पडद्यावर नागपूर दिसतं, कागदावर नागपूर उमटतं. पण फाइलच्या पोटात लिहिलेलं असतं यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. न हा यू, काना हा के, ग हा एक्स. फॉन्ट काढून घेतला की मागे नुसता इंग्रजी पालापाचोळा. तो मजकूर व्हॉट्सअॅपवर चिकटवून पाहिलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे.

कागदाच्या जमान्यात हे खपून गेलं. कोर्टात कागद ऑनलाइन दाखल करायचं ई-फायलिंग आलं आणि हे उघडं पडलं. तिथे पीडीएफ अशी लागते, की आतला मजकूर शोधता आला पाहिजे. जुन्या फॉन्टची पीडीएफ दिसायला सुबक, पण त्यात 'अर्जदार' शोधा, शून्य. अर्जदार पानोपानी बसलेला असतो, मशीनला तो दिसत नाही.

मिंटवर गेल्यावर जुन्या फाइल लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे वर्डसारख्या फुकट प्रोग्राममध्ये, उघडल्या तेव्हा हेच झालं, आणि पहिल्या आठवड्यात दुकानात येणाऱ्या प्रत्येकाने लिनक्सला शिव्या घातल्या. शिव्यांचा पत्ता चुकीचा होता. तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही विंडोजवरही तेच दिसलं असतं. उलट युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, मंगल फॉन्ट मायक्रोसॉफ्टने विंडोज 2000 पासूनच दिला होता. म्हणजे पाव शतक दार उघडं होतं आणि आपण सगळे, टायपिंगवाले, छापखानेवाले, सरकारी बाबू, आतच बसून होतो. मोठ्या परदेशी कंपन्यांनी आपल्याला बांधून ठेवलं म्हणून ओरडणाऱ्या मंडळींनी, त्यात माझा पुतण्याही आला, हे जरा ध्यानात घ्यावं.

ताईंना इनस्क्रिप्ट ही दुसरी कीबोर्ड मांडणी शिकवायचा बेत होता. तो त्यांनी पहिल्याच दिवशी हाणून पाडला: "आता या वयात मी नवी बाराखडी काहून शिकू?" गरजही पडली नाही. आयबस आणि एम17एन ही टायपिंगची पॅकेजं टाकली की रेमिंग्टन मांडणीतूनच युनिकोड टाइप होतं. बोटं तीच, पोटातला मजकूर मात्र खरा मराठी. फरक वेलांटीला जाणवतो, काही जोडाक्षरांना जाणवतो. ताई काही दिवस कुरकुरल्या आणि मग विसरल्या. दुसरी गंमत लिब्रेऑफिसमध्ये. मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की नोटोसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श आपोआप मराठी वळणाचे होतात, पाकळीचा ल आणि देठाचा श. राज्य सरकारच्या 2009 च्या शासननिर्णयात हीच वळणं आहेत. एक सेटिंग, पण दोन ज्येष्ठ वकिलांनी अर्जाची प्रिंट हातात धरून विचारलं की हा नवा फॉन्ट कोणता.

जुन्या फाइल रूपांतरित करणं हे मात्र किचकट काम. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. साधी अदलाबदल करणारा प्रोग्राम 'अर्जदार'मधला रफार भलत्याच अक्षरावर नेऊन ठेवतो. इंटरनेटवर फुकट कन्व्हर्टर आहेत, पण पक्षकाराचं घटस्फोटाचं प्रतिज्ञापत्र कुणाच्या तरी वेबसाइटवर चिकटवायला माझा हात धजत नाही. पुतण्याने मशीनवरच चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहून दिली. शंभरात काही शब्द तरी चुकतातच, म्हणून नजर फिरवावी लागते. कागद स्कॅन करून मजकूर काढायला टेसरॅक्ट वापरतो, त्याला मराठी येतं. शिक्का आणि सही जिथे मजकुरावर बसते तिथे ते गडबडतं, बाकी चांगलं.

हे टेसरॅक्ट मूळचं एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेतलं. 2005 मध्ये त्याचा कोड, म्हणजे प्रोग्राम ज्यातून बनतो तो मूळ मजकूर, सगळ्यांसाठी खुला झाला, पुढे अनेक वर्षं गूगलने त्याला पोसलं. नोटो फॉन्टही गूगलचेच. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा पगार इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांकडून येतो. तेव्हा माझं दुकान बड्या कंपन्यांपासून मुक्त झालं असं मी म्हणणार नाही. फक्त यातलं कुणी उद्या हात काढून घेतला तर कोड माझ्याकडे राहतो आणि दुसरा कुणी तो पुढे नेऊ शकतो. ओपनऑफिसचं तेच झालं. 2010 मध्ये त्यातूनच लिब्रेऑफिस वेगळं निघालं.

प्रिंटर. एचपीचं जुनं लेझर मशीन लावलं आणि चाललं, त्यांचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर खुला आहे. दुसरा प्रिंटर, कंपनीचं नाव लिहीत नाही, आजतागायत नीट चाललेला नाही. त्याचा ड्रायव्हर बंद पेटीतला, लिनक्ससाठीची आवृत्ती फार जुनी. एक पान येतं, मग प्रिंटर ध्यानस्थ. तो विंडोजवाल्या मशीनला जोडून टाकला. अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची घोषणा केली, त्यामागेही एक प्रिंटरच होता: एमआयटीच्या प्रयोगशाळेत आलेल्या लेझर प्रिंटरचा सोर्स कोड त्यांना मिळेना, म्हणून कागद अडकल्याची सूचना देणारी सुधारणा करता येईना. चाळीस वर्षं उलटून गेली, प्रिंटर आहे तिथेच आहे.

तिसरं मशीन विंडोजवर का, ते आता सांगतो. हिशेबाचं टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनतं. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या 'वाइन' या सॉफ्टवेअरमधून ते चालवणारे आहेत, पण वर्षाच्या हिशेबाशी मी असा खेळ करत नाही. दुसरं म्हणजे डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. टोकन लिनक्सवर ओळखलं गेलं, त्याचा ड्रायव्हर मिळाला, सगळं झालं, आणि ज्या पोर्टलवर सही करायची होती त्याची सही घेणारी युटिलिटी फक्त विंडोजची निघाली. मुदत त्या दिवशीच संपणार होती आणि ठेकेदार दादा माझ्या टेबलाजवळ उभे होते. त्या वेळी तत्त्वज्ञान सुचत नाही. केंद्र सरकारचं 2010 पासून खुल्या मानकांचं धोरण आहे, 2015 पासून मुक्त सॉफ्टवेअरचं. धोरणं चांगली आहेत. टोकन लावून पाहिल्यावर ती कुठपर्यंत पोचलीत ते कळतं.

आणि पत्रिका. या धंद्याची भाषा कोरेलड्रॉ हा डिझाइनचा प्रोग्राम आहे आणि ते लिनक्सवर येत नाही. त्याचा मुक्त पर्याय इंकस्केप सुंदर आहे, मी मनापासून सांगतो, पण छपाईचे चार रंग त्याला जड जातात. ते काम स्क्रायबस या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये न्यावं लागतं. महाल भागातल्या छापखान्याला पीडीएफ दिली तर तो नाही म्हणत नाही. फक्त 'भाऊ, कोरेलची फाइल देऊन ठेवा ना, मामाचं नाव ऐनवेळी बदललं तर इथंच करून टाकतो' असं म्हणतो. लग्नात मामाचं नाव ऐनवेळी बदलतंच. त्यामुळे पत्रिका तिसऱ्या मशीनवर.

आमच्याकडे नेहमी येणारे एक वकीलसाहेब आहेत, त्यांच्याशी या विषयावर रोज खटका उडतो. पहिला मुद्दा त्यांचाच: "फुकटची वस्तू कोर्टाच्या कामात काहून वापरून राहिले तुम्ही?" त्यांना म्हटलं, साहेब, आत कोर्टातले कम्प्युटर काय वापरून राहिले ते पाहा एकदा. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने जिल्हा न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्सच घेतलं आहे आणि खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस प्रणालीही मुक्त सॉफ्टवेअरवर बांधली आहे. बाहेर आम्ही चोरीच्या विंडोजवर अर्ज टाइप करायचा आणि आत तो लिनक्सवर नोंदला जायचा, अशी बरीच वर्षं गेली. त्या चोरीचं कंपन्यांना फार दुःख असेल असंही समजू नका. बिल गेट्स 1998 मध्ये चीनबद्दल उघड बोलले होते, की चोरणारच असतील तर आमचंच चोरावं, त्याची चटक लागेल. आपल्याकडे कोर्समध्ये विंडोज, कॅफेत विंडोज, असेंबल करून देणाऱ्याकडे फुकट टाकलेलं विंडोज. चटक लागली.

वकीलसाहेबांचा सूर जरा बदलला तो नायराच्या बातमीने. जुलै 2025 मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातमधल्या वाडीनारला रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले असताना कंपनीला आपलेच ईमेल उघडेनात. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि काही दिवसांत सेवा सुरू झाल्या. साहेब म्हणाले, हे तर नोटीस न देता ताबा घेतल्यासारखं झालं. त्यानंतर सगळीकडे मेल आणि ऑफिसची कामं पुरवणाऱ्या झोहो या भारतीय कंपनीची लाट आली, मंत्र्यांनीही खाती तिकडे नेली. साहेब आता झोहोवाले आहेत. मला झोहोबद्दल तक्रार नाही, पण सर्व्हर तिथेही दुसऱ्याचाच आणि कोड बंदच. मी त्यांना एवढंच विचारतो, की तुमचे सगळे मेल आणि फाइल एका पेन ड्राइव्हवर कशा उतरवायच्या हे करून पाहिलंत का. अजून पाहिलेलं नाही.

लिनक्स म्हटलं की आपोआप मोकळीक, हेही खरं नाही. प्रत्येकाच्या खिशातल्या अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे आणि त्याच अँड्रॉइडवर स्वतःची अॅप लादल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला ऑक्टोबर 2022 मध्ये 1,337.76 कोटींचा दंड केला. पुढच्या मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणानेही ती रक्कम कायम ठेवली.

कुणी विचारलं तर मी ऑपरेटिंग सिस्टिमपासून सुरुवात करू नका म्हणतो. आधी आहे त्या विंडोजवरच युनिकोडमध्ये टाइप करायला लागा, लिब्रेऑफिस टाकून बघा, ब्राउझर बदला. प्रिंटर आणि टोकन लिनक्सवर चालतात का, ते पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून तपासा. इन्स्टॉल न करता तपासता येतं. ज्यांचं सगळं काम टॅलीत किंवा कोरेलमध्ये आहे त्यांनी या भानगडीत पडू नये. नुसतं टायपिंग, स्कॅनिंग, ईमेल असेल तर जुनं मशीन भंगारात देण्याआधी एकदा जरूर.

आमच्याकडे सध्या कोर्टाला उन्हाळी सुट्टी आहे, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, म्हणून जुन्या फाइल युनिकोडमध्ये आणायचं काम काढलं आहे. करारनामे आणि प्रतिज्ञापत्रांचे नमुने आधी, कारण ते पुन्हा पुन्हा लागतात. दाव्यांच्या फाइल नंतर, ज्या वकिलांनी मागितल्या त्यांच्याच. पत्रिका तशाच सोडल्या आहेत. झालेल्या लग्नाची पत्रिका परत मागायला अजून कुणी आलेलं नाही.