नवे टायर, डावीकडे ओढणारी गाडी आणि हिरवागार रिपोर्ट: दसऱ्यापासून जूनपर्यंतचा अनुभव

गाडी सहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. टायर 185/65 आर15, ट्यूबलेस, दसऱ्याला चारही एकदम टाकले. चालणं निम्मं संभाजीनगर शहरात, निम्मं समृद्धी महामार्गावर. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझ्या वाट्याला एक टायर खोडीचा आला म्हणून तिचा सगळा माल वाईट ठरत नाही, आणि तसंही यातला कामाचा भाग ती खोड सापडली कशी, हाच आहे.

टायर म्हणून तक्रार फारशी नाही. आवाज जुन्यांपेक्षा कमी. समृद्धीच्या सिमेंटवर घोंघावतात, पण तिथे कोण घोंघावत नाही? पहिल्या पावसात ब्रेक लावून बघितले, पकड चांगली. खड्ड्यात दणका कमी बसतो.

आता मुख्य गोष्ट. टायर टाकल्यापासून गाडी डावीकडे ओढायला लागली. शंभरच्या वेगात स्टिअरिंग जरा सैल धरलं की गाडी हळूहळू डाव्या पांढऱ्या पट्टीकडे. दुकानदाराचं एकच म्हणणं, "साहेब, अलाइनमेंट करून घ्या." केली, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर तपासून जुळवून घेतले. रिपोर्ट हिरवा, म्हणजे सगळे कोन मर्यादेत, गाडी डावीकडेच. दुसऱ्या ठिकाणी केली. रिपोर्ट आणखी हिरवा.

रिपोर्ट खोटा नव्हता, हे आधी सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत त्या मशीनवर फिरवता येतो तो फक्त पुढच्या चाकांचा टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन. टो चुकला की टायर खातो, स्टिअरिंग वाकडं राहतं, पण गाडी सहसा एका बाजूला ओढत नाही, कारण चालताना दोन्ही चाकं तो फरक आपसांत वाटून घेतात. ओढ येते ती कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) नाहीतर कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे झुकाव) डाव्या-उजव्या चाकांत वेगळा असेल तर. ज्या बाजूचं चाक वरून जास्त बाहेर झुकलंय, गाडी तिकडे जाते. ज्या बाजूचा कास्टर कमी, तिकडेही जाते. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असला तर संशय घ्यायचा. माझ्या कागदावर फरक त्याहून बराच कमी होता. म्हणजे कोन ठीक होते. टायरच्या पोटात काय आहे, ते मशीनला दिसत नाही.

मग रस्ता. पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते डाव्या कडेला साधारण दोन-अडीच टक्के उतरते असतात, त्यामुळे चांगली गाडीही सोडून दिली तर किंचित डावीकडे जाते. एकाच रस्त्यावर जाऊन-येऊन ही तपासणी होत नाही, कारण दोन्ही वेळा उतार आपल्या डावीकडेच असतो. सपाट मोठं मैदान शोधा आणि तीस-चाळीसच्या वेगात बघा. माझी गाडी मैदानातही डावीकडेच जात होती. (तुमची सरळ रस्त्यावर उजवीकडे ओढत असेल तर रस्त्याला दोष देऊ नका. उजवीकडची ओढ गाडीतलीच असते.)

हवा थंड टायरवर, स्वतःच्या गेजने बघितली. पेट्रोल पंपावरच्या काट्यावर माझा भरवसा नाही. दाराजवळच्या स्टिकरवर 33 पीएसआय, चारही चाकांत तेवढीच. एका बाजूच्या पुढच्या चाकात चार-पाच पीएसआय कमी असती, तर गाडी त्या बाजूला गेली असती आणि गोष्ट इथेच संपली असती.

उत्तर मिळालं ते गॅरेजवाल्या चाचांकडे. सगळं ऐकून म्हणाले, "पैले टायरां बदलके देखो, बाद में मशीन." पुढची दोन चाकं डावं-उजवं अदलाबदल केली. गाडी उजवीकडे ओढायला लागली! इतकं स्वच्छ उत्तर गाडीच्या कामात क्वचित मिळतं. ओढ बाजू बदलून गेली म्हणजे ती टायरची. तशीच डावीकडे राहिली असती, तर सस्पेन्शन किंवा ब्रेक. मग उजवं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे घेतलं. गाडी सरळ. या अदलाबदलीला जॅक आणि पान्ह्याशिवाय काही लागत नाही. फक्त टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलू नका, त्याच बाजूला पुढे-मागे करा.

टायरच्या आत स्टीलच्या तारांचा पट्टा असतो. तो किंचित एका कडेला सरकून बसला की टायर बाहेरून ठणठणीत दिसतो, बॅलन्सिंगही बरोबर येतं, पण आडवा लोटलेला स्टीलचा ग्लास जसा गोल वळतो तसा तो एका बाजूला वळायला बघतो. मागच्या चाकावर हा त्रास बहुधा जाणवत नाही. दुकानात दावा केला, तर कंपनीच्या माणसाने टायर वरून बघून "दिसण्यासारखा दोष नाही" असं लिहून दिलं. दिसण्यासारखा नव्हताच!

एप्रिलमध्ये ओढ पुन्हा आली, तीही डावीकडेच. पण तऱ्हा वेगळी. सकाळी निघताना गाडी सरळ, शहरातली गर्दी पार केली की ओढायची. टायरची ओढ पहिल्या मीटरपासून असते. गाडी तापल्यावर वाढते ती ब्रेकची. थांबून तापमापक यंत्र धरलं, तर डावी डिस्क उजवीपेक्षा कितीतरी जास्त गरम. हात लावून बघू नका, भाजतं. कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची) सरकती पिन जाम झाली होती आणि ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत होते. पिना साफ केल्या, रबरी बूट नवे टाकले, ब्रेकचं खास ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं. ब्रेक दाबतानाच गाडी ओढत असेल तर मात्र हिशेब उलटाही असू शकतो: ज्या बाजूचा ब्रेक धरत नाही, तिच्या विरुद्ध बाजूला गाडी जाते.

आज गाडी सरळ आहे आणि चारही टायर सारखे झिजतायत. पाचपैकी साडेतीन देईन, अर्धा गुण त्या लेखी उत्तरापायी कापला. दिवाळीच्या सुमारास रोटेशन (टायरांची पुढे-मागे अदलाबदल) येईल, तेव्हा तो टायर पुढे घ्यायचा नाही. रिमवर उलटा बसवला असता तर ओढीची दिशा पलटली असती, पण याच्या कडेवर "आउटसाइड" छापलंय, म्हणजे ती कड बाहेरच ठेवावी लागते, त्यामुळे तीही वाट बंद. पुढचे झिजेपर्यंत त्याचा मुक्काम मागे उजवीकडेच.