ताडोबा बफर सफारी: वाघ नाही दिसला तरी पैसे वसूल

सकाळची सफारी केली, वाघ काही दिसला नाही पण गाइड भल्ला भारी भेटला, गावातलाच पोरगा, जंगल तोंडपाठ. बाकीचे पगमार्क (पंजाचे ठसे) दाखवून पुढं निघतात, यानं पाणवठ्यापाशी जिप्सी थांबवून नीट समजावलं की शिकारीत मोठा नर गेला तर फक्त एक वाघ कमी होत नाही, त्याच्या एरियात दुसरे नर घुसतात, त्याची पिल्लं मारून टाकतात म्हणजे वाघीण परत माजावर येते, आणि तिथली घडी बसायला लई वेळ जातो. आफ्रिकेतल्या सिंहांचंही असंच होते म्हणे, आणि ते खरंच आहे.

दुसरं म्हणजे करंट. रानडुकरासाठी शेतात तार सोडतात अन् त्यात वाघ मरतो, 2017 ला नागभीडकडं श्रीनिवास नावाचा वाघ असाच गेला, उमरेड-कऱ्हांडल्याच्या नावाजलेल्या जय वाघाचा बछडा होता तो. तरणे वाघ नवीन जागा शोधत शेताशेतानंच फिरतात ना, टिपेश्वर अभयारण्यातला रेडिओ कॉलर लावलेला वाघ 2019 मध्ये हजार किलोमीटरच्या वर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, त्या वाटेवर एक तार असती तर खेळ खलास! शेतकऱ्याचं पीक जाते हे मलेही कळते, पण नुकसान भरपाई वेळेवर भेटली तर कोण कायले तार लावन?

जिप्सीच्या मागच्या सीटवर कंबर मोडते, समोर बसा. गाइड नंबरानं भेटतो, निवडता येत नाही, पण प्रश्न विचारा, मग सांगतात मनापासून. पाच स्टार.