नायट्राइलचा स्त्री-कंडोम : हाताला जमतो, संवादाचे काय?

गर्भधारणा आणि लैंगिक संसर्ग या दोहोंपासून संरक्षण देणारे, तेही स्त्रीने स्वतः बसवायचे साधन म्हणून स्त्री-कंडोमची शिफारस केली जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९३ मध्ये मान्यता दिलेला पॉलियुरेथेनचा पहिला प्रकार वापरताना आवाज करतो, अशी अनेकींची तक्रार असे. २००९ मध्ये मान्यता मिळालेला नायट्राइल या कृत्रिम रबराचा प्रकार त्या मानाने मऊ आणि शांत आहे; हे परीक्षण त्याचेच.

सुमारे १७ सेंटीमीटर लांबीच्या या पिशवीला दोन कडी असतात. आतले कडे चिमटीत दाबून योनीत शक्य तितके आत सरकवायचे असते आणि बाहेरचे कडे बाहेरच राहते. वंगण आधीच लावलेले असल्यामुळे पिशवी बोटांतून निसटते आणि पहिल्या प्रयत्नात चिडचिड होते. मासिक पाळीचा कप वापरणाऱ्या स्त्रीला ही हालचाल ओळखीची वाटेल. मात्र आपल्याच शरीराला आतून स्पर्श करणे चुकीचे आहे असे ज्यांच्या मनावर लहानपणापासून बिंबवले गेले आहे, त्यांची अडचण हाताच्या कौशल्याची नसते, संकोचाची असते. सोबतच्या पत्रकात आकृत्या चांगल्या आहेत, पण या संकोचाविषयी त्यात चकार शब्द नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्वक्षमतेची संकल्पना येथे उपयोगी पडते : एखादी कृती आपल्याला जमेल हा विश्वास नसेल, तर तिचे फायदे ठाऊक असूनही माणूस ती टाळतो. कंडोमच्या बाबतीत असे दोन विश्वास लागतात, एक बसवण्याचा आणि दुसरा जोडीदाराला सांगण्याचा. पहिला सरावाने येतो. शिवाय हा कंडोम संबंधाच्या काही तास आधी बसवता येत असल्याने ऐन उत्तेजनेच्या क्षणी थांबून निर्णय घ्यावा लागत नाही, आणि माझ्या मते हाच या उत्पादनाचा सर्वांत मोठा गुण आहे.

दुसऱ्या विश्वासाबाबत मात्र ‘संपूर्णपणे स्त्रीच्या हातातले साधन’ हा प्रचार अतिशयोक्त वाटतो. बाहेरचे कडे दिसते आणि जाणवतेही, त्यामुळे ते जोडीदारापासून लपवता येत नाही. संबंधाच्या वेळी लिंग पिशवीच्या बाजूने न जाता आतच जाईल याकडे दोघांनीही लक्ष द्यावे लागते. दीर्घ नात्यात कंडोमची मागणी म्हणजे अविश्वास असा अर्थ काढला जातो, आणि स्वतःजवळ कंडोम बाळगणाऱ्या स्त्रीच्या चारित्र्याविषयी कुजबुज होते ती वेगळीच. आर्थिक अवलंबित्व किंवा मारहाणीची भीती असेल, तेथे निव्वळ वस्तू बदलून नकार देण्याची ताकद येत नाही.

धोक्याचा अंदाजही फसवा असतो. क्लॅमिडियासारख्या संसर्गात अनेक स्त्रियांना लक्षणेच जाणवत नाहीत, त्यामुळे त्रास नाही म्हणजे संसर्ग नाही असे गृहीत धरले जाते. गोळ्या किंवा कॉपर-टी वापरणाऱ्यांना गर्भाची चिंता मिटली की कंडोम अनावश्यक वाटू लागतो, जरी ती साधने संसर्गापासून कोणतेही संरक्षण देत नाहीत.

परिणामकारकतेत हे उत्पादन पुरुष-कंडोमच्या मागे आहे. प्रत्यक्षातील सर्वसाधारण वापरात वर्षभरात १०० पैकी सुमारे २१ स्त्रियांना गर्भ राहतो, पुरुष-कंडोमच्या बाबतीत सुमारे १३ जणींना. अचूक वापरात हेच आकडे अनुक्रमे ५ आणि २ आहेत. म्हणून जोडीदार पुरुष-कंडोम विनातक्रार वापरत असेल, तर तोच घ्यावा. बहुतेक पुरुष-कंडोम ज्याचे बनतात त्या लॅटेक्स या नैसर्गिक रबराची ॲलर्जी असलेल्यांना, किंवा जोडीदाराची ‘मला ते घालायला नको’ एवढीच हरकत असलेल्यांना मी याची शिफारस करेन. पहिला कंडोम संबंधाविना, एकटीने निवांतपणे बसवून आणि काढून पाहावा. आणि स्त्री-कंडोम व पुरुष-कंडोम एकाच वेळी कधीही वापरू नयेत, कारण घर्षणाने ते फाटू किंवा सरकू शकतात.