घरच्या घरी पोटाचे डायलिसिस : सोलापुरातील काही महिन्यांचा अनुभव

पूर्वी आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, रक्ताच्या डायलिसिसला जावे लागे आणि उरलेला दिवस थकव्यात जाई. गणवेश शिवण्याचा माझा छोटा कारखाना त्यामुळे बंद पडण्याच्या बेतात आला होता. म्हणून मूत्रपिंडतज्ज्ञांच्या सल्ल्याने मी सीएपीडी, म्हणजे पोटाचे डायलिसिस, स्वीकारले.

पोटात बसवलेल्या मऊ नळीतून पिशवीतला दोन लिटर द्राव आत सोडायचा, तो काही तास पोटात राहू द्यायचा आणि मग काढून नवा भरायचा, असे दिवसातून चार वेळा करावे लागते. प्रत्येक खेपेस अर्धा तास जातो. मधल्या वेळेत मी कापड बेततो, हिशेब पाहतो, बाजारात जातो. दिवस पुन्हा माझा झाला, ही या उपचाराची सर्वांत मोठी देणगी मी मानतो.

मात्र सोलापुरात हे सोपे नाही. पिशवी बदलताना पोटात जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुणे अनिवार्य असते आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. त्यासाठी तोटी असलेली एक टाकी आम्ही फक्त हात धुण्यासाठी राखून ठेवली आहे. तिचे पाणी दुसऱ्या कशालाही वापरायचे नाही, हा नियम घरातील लहान मुलेही पाळतात. खिडक्या लावून, पंखा बंद करून, तोंडाला मास्क बांधून बसायचे असते, आणि पारा चाळीस अंशांच्या वर गेला की हा अर्धा तास खरोखर कसोटीचा होतो. उन्हाळ्यात घामाने शरीरातील पाणी आधीच कमी झालेले असते. अशा वेळी जास्त ग्लुकोजची, म्हणजे अधिक पाणी ओढून घेणारी पिशवी वापरली तर रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून सकाळी वजन आणि रक्तदाब वहीत लिहून डॉक्टरांना कळवल्याशिवाय मी पिशवीचा प्रकार बदलत नाही.

पोटातून काढलेला द्राव गढूळ दिसला, पोट दुखले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; सकाळपर्यंत वाट पाहू नये.

आहाराचे गणितही बदलले. द्रावाबरोबर प्रथिने निघून जातात, म्हणून अंडी वाढली. शेंगाची चटणी मात्र मीठ आणि फॉस्फरसमुळे चाखण्यापुरतीच उरली, आणि सोलापूरकराला ते किती जड जाते, हे वेगळे सांगायला नको. द्रावातील ग्लुकोज अंगात शोषले जात असल्याने मधुमेहींनी साखरेवर विशेष लक्ष ठेवावे.

या उपचाराला सुटी नसते. दिवाळीतही चार पिशव्या, पाहुणे आले तरी चार पिशव्या. पत्नीने रुग्णालयात माझ्याबरोबरच पूर्ण प्रशिक्षण घेतले आणि मला बरे नसते तेव्हा ती सारे सांभाळते. पण तिचीही झोप, तिचीही चिंता यात खर्ची पडते. त्यामुळे आठवड्यातून एक संध्याकाळ ती मैत्रिणींकडे जाते आणि त्या वेळची पिशवी मी एकट्यानेच बदलतो. पिशव्यांच्या खोक्यांची रास खोलीची एक भिंत व्यापते. पुरवठादाराकडून एकदा माल उशिरा आला, तेव्हापासून काही दिवसांचा जादा साठा आम्ही नेहमी ठेवतो. खर्चाची अडचण असणाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. २०१६ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९ पासून पोटाच्या डायलिसिसचाही समावेश आहे.