वॉकर की ब्यूइक? ब्रिटिश ग्रामजीवनाची जुनी सचित्र पुस्तकं घेताना

ब्रिटिश खेड्यातली कामं, शिकार, गळाची मासेमारी, जत्रा-बाजार यांवरची जुनी सचित्र पुस्तकं जमवताना सुरुवातीची काही वर्षं हाताला लागेल ते घेण्यात जातात. पहिली मोठी रक्कम घालायची वेळ आली की मात्र निवड करावी लागते: हातानं रंगवलेली ॲक्वाटिंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, घ्यायची, की लाकडावर कोरलेल्या ठशांचं पुस्तक? दोन्हीकडचं एकेक उत्तम पुस्तक समोर ठेवून बोलू. एक म्हणजे जॉर्ज वॉकरचं 'द कॉस्च्यूम ऑफ यॉर्कशायर' (१८१४). दुसरं न्यूकॅसलच्या थॉमस ब्यूइकचं 'हिस्टरी ऑफ ब्रिटिश बर्ड्स'. त्याचा जमिनीवरच्या पक्ष्यांचा खंड १७९७ चा, पाणपक्ष्यांचा १८०४ चा. शिकारीच्या चित्रांकडे ओढा असेल तर वॉकरच्या जागी हेन्री आल्केनचं 'नॅशनल स्पोर्ट्स ऑफ ग्रेट ब्रिटन' (१८२१) धरा. त्यात ५० प्लेटा, म्हणजे स्वतंत्र पानांवर छापलेली चित्रं, आहेत, आणि खाली वॉकरबद्दल जे म्हटलं आहे ते त्यालाही बहुतेक लागू पडतं.

वॉकरची मोठी बाजू रंगाची. चालता चालता विणकाम करणारी वेन्स्लीडेलची माणसं, उघड्या पायांनी पाण्यात शिरून जळवा गोळा करणाऱ्या बायका, ओटच्या भाकऱ्या करणारी बाई, पीटची (जळणासाठी खणलेल्या दलदलीतल्या मातीची) गाडी, रेप या तेलबियांच्या पिकाची मळणी. अशा ४० हातरंगी प्लेटा, आणि सोबत इंग्रजी व फ्रेंच असा दुहेरी मजकूर. कोणत्या कामाला कोणता डगला, शाल कशी खोचलेली, कोणाच्या पायात काय, हे इथे दिसतं. ब्यूइकच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात त्यातलं निम्मंही कळत नाही. वेशभूषा हाच तुमचा विषय असेल, तर पुढचं सगळं वाचूनही तुम्ही वॉकरच घ्याल आणि ते योग्यच ठरेल.

प्लेट खरी आहे का, हे दहापट भिंगाखाली कळतं. ॲक्वाटिंटसाठी तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून तो तापवतात आणि मग आम्लात सोडतात. राळेच्या कणाखालचं तांबं वाचतं, कणांमधल्या फटी खाल्ल्या जातात. छापल्यावर तिथे अनियमित, बारीक जाळी दिसते: पांढरी बेटं आणि भोवती शाई. हातानं दिलेला रंग या जाळीवरून वाहत जातो आणि कडेला रेषेबाहेरही येतो. जाळी नसून रंगीत ठिपक्यांची गर्दी दिसली तर ते दगडावरून छापलेलं रंगीत चित्र. ठिपके ओळीत, एकसारख्या अंतरावर असतील तर ते हाफटोन, म्हणजे फोटोवरून ठिपक्यांत केलेली छपाई, बरंच अलीकडची. पांढऱ्या घोड्यावर किंवा ढगावर काळपट डाग दिसले तर दचकू नका. शिशाचा पांढरा रंग हवेतल्या गंधकानं काळवंडतो; ती जुन्या रंगाचीच खूण आहे.

आता ज्या त्रासानं माझा कौल फिरला, तो सांगतो.

ॲक्वाटिंटच्या पुस्तकात मजकूर खिळ्यांवर (धातूच्या सुट्या अक्षरांवर) छापलेला असतो आणि चित्रं तांब्यावरून, वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या कागदावर. चित्राची पाठ कोरी. बांधणीवाला ही सुटी चित्रं मजकुराच्या पानांत बसवतो. म्हणजे प्लेट ही मुळातच सुटी वस्तू. कोणी ती काढून घेतली तरी मजकूर तुटत नाही, पानांचे आकडे चुकत नाहीत. शिवणीपाशी जेमतेम कागदाची एक चिंधी उरते, आणि पुढच्या बांधणीत तीही जाते. पुस्तक फोडून चित्रं एकेक करून चौकटीसाठी विकणं हा या व्यवहारातला जुना धंदा आहे, कारण सुट्या चित्रांचे मिळून अख्ख्या पुस्तकापेक्षा जास्त येऊ शकतात. वॉकरच्या बाबतीत सगळ्यात आधी खाणकामगाराची प्लेट शोधा. तिच्या मागच्या भागात लीड्सजवळच्या मिडलटन खाणीचं वाफेचं इंजिन चाललेलं दिसतं, १८१४ च्या पुस्तकात! रेल्वेचा इतिहास जमवणाऱ्यांना तेवढं एकच चित्र हवं असतं.

बरं, ४० च्या ४० मोजून भरल्या तरी काम संपत नाही. दोन अपुऱ्या प्रतींमधून एक पुरी केलेली असू शकते. ती ओळखायच्या तीन खुणा. पहिली, समोरच्या पानावर उमटलेली चित्राची फिकट सावली. शाई आणि रंग शंभर-दोनशे वर्षं दाबून राहिले की ती उमटते. ती त्याच चित्राची आहे का आणि जागेवर बरोबर बसते का, ते पाहा. सावलीला लोक दोष मानतात, पण प्लेट मूळची असल्याचा तिच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. दुसरी, पाण्याचा डाग. तो प्लेटवरून पुढच्या पानावर सलग गेला पाहिजे. मधल्या एकाच प्लेटवर डाग नसेल तर ती बाहेरून आली आहे. तिसरी, मोकळी कड आणि कागदाचा रंग. चार-पाच प्लेटांची कड अर्ध्या बोटानं कमी असेल तर विक्रेत्याला कारण विचारा.

त्यानंतर जलचिन्ह, म्हणजे कागद उजेडात धरला की दिसणारी आतली खूण. १७९४ च्या कायद्यामुळे, निर्यातीवरची करसवलत मिळावी म्हणून, इंग्लंडचे कागदवाले कागदातच साल घालू लागले, आणि ती सवय पुढेही टिकली. त्यामुळे 'जे. व्हॉटमन' या कागदवाल्याच्या नावाखाली साल वाचता येतं. शीर्षकाच्या पानावर १८१४ आणि प्लेटच्या कागदात १८२० नंतरचं साल, असं निघालं तर ती प्लेट पहिल्या छपाईची नाही. हा फरक नावापुरता नसतो. ॲक्वाटिंटची जाळी नाजूक असते. काही शे प्रतींनंतर पत्रा झिजतो, आभाळ पोकळ दिसायला लागतं आणि रंगवणारा ते रंगाच्या थराखाली झाकून टाकतो. आणि अडचण नेमकी इथे आहे. जलचिन्ह प्रत्येक प्लेटमध्ये नसतंच. मोठा ताव कापला की ते एखाद्याच तुकड्यात येतं, बाकीचे कोरे. ते फोटोत दिसायला पान उचलून मागून उजेड धरावा लागतो. पुण्या-मुंबईत बसून इंग्लंडातल्या विक्रेत्याला चाळीस पानांमागे दिवा धरायला सांगणं किती वेळा जमणार? दहा-बारा फोटो येतात, त्यात तीन-चार सालं वाचता येतात, आणि उरलेल्यांबद्दल विश्वास ठेवावा लागतो. एवढे पैसे मोजल्यावर तो विश्वास मला जड जातो. पुस्तक उघडलं की चित्राआधी शंकाच डोळ्यासमोर येते. दुसऱ्या कोणाला हे एवढं टोचणार नाही, हेही मान्य.

ब्यूइकमध्ये हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. तो बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या कापाच्या तोंडावर, म्हणजे खोडाच्या वर्तुळांच्या बाजूनं कोरायचा. ठशाची उंची खिळ्यांएवढी. त्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच चौकटीत आवळून एकाच दाबात छापले जात. पक्षी, त्याखालचं वर्णन, पाठीमागच्या पानावरचा मजकूर, सगळं एका कागदावर. वह्यांत चिकटवण्यासाठी लोकांनी यातलीही चित्रं कात्रीनं कापली आहेत. पण तसं झालं की पानाला भोक पडतं आणि पलीकडचं वाक्य तुटतं. चोरी पहिल्याच चाळणीत दिसते. पानांचे आकडे सलग आहेत का आणि भोक कुठे आहे का, एवढं पाहिलं की पंधरा मिनिटांत प्रत तपासून होते.

या पुस्तकातलं ग्रामजीवन पक्ष्यांच्या चित्रांत कमी आणि लेखाच्या शेवटी उरलेल्या जागेत घातलेल्या छोट्या चित्रांत जास्त आहे. गळ टाकून बसलेले लोक, बर्फाचा माणूस करणारी पोरं, पावसात भिजलेले वाटसरू. त्यातलं एक भिंगाखाली निवांत पाहण्यासारखं आहे. पुलाचा कर वाचवायला एक माणूस गाईचं शेपूट धरून नदी ओलांडतो आहे, आणि त्याची टोपी वाऱ्यानं उडून पाण्यात पडली आहे. वाचलेल्या पैशापेक्षा टोपीच महाग. हे सगळं तळहातापेक्षा लहान जागेत, आणि मागचा पूल, काठ, झाडं स्वतंत्र ओळखू येतात.

छपाई चांगली आहे का, हेही अशा चित्रांवरूनच ठरवावं. दूरचा डोंगर फिकट यावा म्हणून ब्यूइक ठशाचा तेवढा भाग खरवडून किंचित खाली घ्यायचा. तिथे दाब कमी पडतो, म्हणून तो भाग करडा उमटतो. छापणाऱ्यानं शाई जास्त लावली किंवा दाब वाढवला, तर मागचा डोंगर पुढच्या दगडाइतकाच काळा येतो आणि चित्र सपाट होतं. म्हणून विक्रेत्याकडे पक्ष्याचा फोटो मागू नका. दूरचं दृश्य असलेलं, लेखाच्या शेवटी येणारं एखादं छोटं चित्र मागा, तेही जवळून. त्याच्या जोडीला पक्ष्याच्या छातीवरची पिसं पाहा. ठसा झिजला असेल तर पांढऱ्या बारीक रेषा शाईनं बुजलेल्या दिसतात.

ब्यूइकचेही त्रास आहेत. दोन खंड सात वर्षांच्या अंतरानं निघाले, पुढच्या आवृत्त्याही बऱ्याच झाल्या, त्यामुळे जोडी जमवलेली असणं सर्रास. दोन्ही खंडांच्या शीर्षकपानांवरचं साल वेगवेगळं विचारा. लहान डेमी आणि मोठा रॉयल अशा दोन्ही आकारांच्या कागदावर प्रती निघाल्या. रॉयल प्रत मागाहून छाटली की ती डेमीएवढी दिसते, तेव्हा उंची मिलिमीटरमध्ये मागवा. पहिल्या खंडाच्या पहिल्या आवृत्तीत २८५ व्या पानावर आडोशाला शौचाला बसलेल्या माणसाचं चित्र आहे. काही प्रतींत ते उघडं, काहींत हातानं शाई फिरवून झाकलेलं, आणि पुढे ठशातच फळ्या बसवून झाकलेलं. उघड्या चित्राच्या प्रतीला जास्त भाव मागतात. निव्वळ चित्रांच्या आनंदासाठी तो द्यायची गरज मला वाटत नाही.

स्वस्त पर्यायांत तर दोघांमधला फरक आणखी ठळक होतो, आणि योगायोगानं दोन्हीकडे साल १८८५ चंच आहे. वॉकरचं पुस्तक त्या साली लीड्सहून पुन्हा निघालं, पण त्यातली चित्रं दगडावरून रंगीत छापलेल्या नकला आहेत. त्या देखण्या आहेत, पण १८१४ च्या तांब्याशी त्यांचा काही संबंध नाही. ब्यूइकच्या स्मृती-आवृत्तीचे पाच खंड १८८५ ते १८८७ या काळात निघाले, ७५० संच, आणि ते मूळ लाकडी ठशांवरून छापलेले. बॉक्सवुडचं तोंड इतकं कठीण असतं की ते टिकलं. त्यामुळे तिथे हाती येतं ते त्याच्या कार्यशाळेत कोरलेल्या मूळ लाकडाचंच छापील रूप.

किमतीचं म्हणाल तर वॉकरच्या एका चांगल्या, पुऱ्या प्रतीच्या पैशात ब्यूइकच्या पक्ष्यांचे दोन-तीन चांगले संच येतात, असा माझा अंदाज आहे. लिलावात तो इकडे-तिकडे होऊ शकतो.

आपल्याकडे सांभाळताना पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. वॉकर मोठ्या आकाराचा. तो उभा ठेवला तर पानांचं वजन शिवणीवर येतं, म्हणून आडवा ठेवावा आणि वर दुसरं मोठं पुस्तक रचू नये. शिवाय रंगवणारे गडद भागांवर चमक यावी म्हणून अरबी गोंद फिरवत. कोकणपट्टीच्या जुलै-ऑगस्टमध्ये तो गोंद ओल धरतो आणि चित्रावर घातलेला पातळ कागद त्याला चिकटतो. चिकटलेला कागद ओढायचा नाही. कोरडी हवा लागली की कधी कधी आपोआप सुटतो. तो जुना, तपकिरी पडलेला कागद काढून आम्लरहित कागद घालावा. ब्यूइकचे खंड साध्या कपाटात उभे मावतात. त्यांना धोका वासराच्या कातड्याच्या बांधणीवरच्या बुरशीचा. ती कोरड्या, मऊ ब्रशनं घराबाहेर झटकावी. कातड्याला तेल, पॉलिश काही लावू नये. कातडं काळं पडतं आणि धूळ धरतं. दोन्ही पुस्तकं भिंतीपासून चार बोटं पुढे. कसर लागते ती भिंतीच्या बाजूनं.

काहीजण तिसरी वाट सुचवतील, १८८५ पासून निघालेल्या 'बॅडमिंटन लायब्ररी'ची. शिकार, मासेमारी, घोडदौड अशा एकेका विषयाला खंड वाहिलेले. वाचायला ती उत्तम आणि तपकिरी कापडी बांधणीत स्वस्तही मिळते. चित्रांसाठी मात्र तिच्या मागे लागू नये. उशिराच्या खंडांतल्या गुळगुळीत आर्ट पेपरवरच्या प्लेटा एकदा भिजल्या की एकमेकींना चिकटून वीट होते, आणि ती सुटत नाही.

तेव्हा रंगावर जीव असेल, विक्रेता ओळखीचा असेल आणि पुस्तक प्रत्यक्ष हातात घेऊन उजेडात धरता येणार असेल, तर वॉकर. पोस्टानं मागवणार असाल तर मी ब्यूइकच सुचवेन, आणि तेही १७९७ च्या मागे न धावता. १८२६ ची आवृत्ती त्याच्या हयातीतली शेवटची आहे. १८४७ ची त्याच्या मुलानं काढली, आणि तिची छपाई अनेकांना आवडते. मागवताना तीन गोष्टी लिहून मागा: दोन्ही खंडांची सालं, पानाची उंची, आणि दूरचा डोंगर असलेल्या, लेखाच्या शेवटच्या एका छोट्या चित्राचा जवळून काढलेला फोटो. डोंगर करडा आला असेल तर पैसे पाठवा.